पहिल्या नंबरचे सासरे

४ सप्टेंबर, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. वय सेहेचाळीस. छापखाना बंद पडल्यावर वर्षभर संध्याकाळचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग केला, तिथे सगळे मला काका म्हणायचे. इथे कोणी काका म्हणत नाही, कारण इथे कोणी नाहीच. ऑफिस दोन खोल्यांचं. एकीत मालक, दुसरीत मी आणि एक प्रिंटर, ज्याला दर कागदामागे ठसका लागतो. तीन महिने परीक्षा. "तीन महिन्यांत एकही तक्रार आली नाही तर तुम्ही कायम," मालक म्हणाले. तक्रार येईल असं काम मी आयुष्यात केलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

माझ्या वाट्याला डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम आलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिथे शेकडो लोक नाव नोंदवून बसलेले असतात. रोज सकाळी आमचा प्रोग्रॅम सगळ्यात जास्त दिवस थांबलेल्या बारा जणांची नावं कागदावर छापतो. तिथल्या यादीवाल्या बाई त्या बारा जणांना फोन करून "उद्या या" म्हणून सांगतात, आणि फोन झालेली नावं यादीतून काढतात. आधीच्या माणसाने हे सगळं नऊ ओळींत उरकलंय. इतकं रुक्ष लिहिणं मी पाहिलेलं नाही.

योगायोग असा, की आमचे सासरे याच यादीत आहेत. जूनपासून. हॉस्पिटल आमच्या घराजवळ, आणि फोन आदल्या दिवशी येतो, म्हणून ते गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे येऊन राहिलेत. माझ्या टेबलाच्या खोलीत. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

७ सप्टेंबर

डेटाबेस समजला. इथे लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

डेटाबेसला प्रश्न विचारला की तो उत्तराच्या ओळींचा गठ्ठा आपल्या हातात देत नाही. तो नुसतं एक बोट देतो. हे बोट सुरुवातीला पहिल्या ओळीच्याही वर, कोऱ्या जागेवर असतं. आपण "पुढे" म्हटलं की ते एक ओळ खाली सरकतं. तिथे ओळ असेल तर "हो" म्हणतं, नसेल तर "नाही". मग त्या ओळीतलं नाव घ्यायचं, छापायचं, परत "पुढे". "नाही" आलं की थांबायचं. मागे यायची सोय या बोटाला नाही.

आधीच्याने थेट घ्या-छापा सुरू केलंय. समजा एखाद्या दिवशी यादीत कोणीच नसेल तर? बाईंच्या हातात कोरा कागद. मी त्यात सुधारणा केली. सुरुवातीलाच एकदा "पुढे" म्हणून विचारून घ्यायचं, की बाबा, आहे का कोणी? "नाही" आलं तर कागदावर छापायचं, 'आज यादीत कोणी नाही. धन्यवाद.' "हो" आलं तर मग शांतपणे नेहमीसारखं "पुढे, पुढे" करत नावं छापत जायचं. कोणाच्याही दारात शिरण्यापूर्वी कडी वाजवावी, तसं. मालकांना दाखवलं. ते फोनवर होते, मान हलवली.

११ सप्टेंबर, सोमवार

माझा सुधारलेला प्रोग्रॅम आज सकाळी हॉस्पिटलात चालू झाला. काहीही बिघडलं नाही.

दुधात साखर म्हणजे सासऱ्यांनी चौकशीच्या खिडकीवर फोन केला तर कळलं, यादीत ते आता पहिल्या नंबरवर आहेत. त्यांच्या आधीचे सगळे झाले. "म्हणजे उद्याचाच फोन," सासरे म्हणाले, आणि बॅग भरून दाराशी ठेवली.

१५ सप्टेंबर

फोन नाही. बॅग दाराशीच आहे, आज मी तिला अडखळलो.

सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, बस निघाली की तासाभरावर. एकेचाळीस वर्षं चालवलंय. डावा डोळा पूर्ण गढूळ, उजवाही त्याच वाटेवर. दुकान सध्या बंद. शेजारच्या किल्लीवाल्याकडे चावी दिलीय. रिकाम्या हाताने बसायची सवय नाही, म्हणून त्यांनी आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ खाली उतरवून उघडलं. "दिसत नाही हो, पण बोटांना माहीत आहे," म्हणाले. बोटांना बरंच माहीत होतं. शेवटी एक स्क्रू उरला. घड्याळ चालतंय, पण सव्वाच्या पुढे गेलं की दम घेतं. मी आज ऑफिसात बावीस मिनिटं उशिरा पोचलो.

२० सप्टेंबर

यादीवाल्या बाईंचा फोन. आवाज नम्र. म्हणाल्या, "साहेब, आधी रोज बारा नावं यायची. आता अकराच येतात. मी तीन-तीनदा मोजते."

मी हसलो. लोकांना माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. मी त्यांना समजावलं, की कम्प्युटर एकपासून मोजत नाही, शून्यापासून मोजतो. शून्य ते अकरा म्हणजे किती? त्यांनी बोटांवर मोजलं असावं. "बारा," म्हणाल्या. "मग?" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पण साहेब, माझ्या कागदावर माणसं अकराच आहेत." मी म्हटलं, बाई, हळूहळू सवय होईल.

त्यांनी आभार मानून फोन ठेवला. तक्रार म्हणून याची नोंद करायची गरज नाही.

२२ सप्टेंबर

बाईंचा परत फोन. ऑपरेशनच्या खोलीत बारा पलंग आहेत आणि एक रोज रिकामा राहतो. डॉक्टर विचारतात. आता पलंगाला शून्यापासून मोजणं कसं समजावणार? वाद घालण्यापेक्षा मी प्रोग्रॅममध्ये बाराच्या जागी तेरा केलं. डेटाबेसकडून तेरा मागवायचे. लगेच कागदावर बारा नावं आली. बाई खूश, डॉक्टर खूश. समोरच्या माणसाच्या पातळीवर उतरून काम केलं की सगळं सुरळीत होतं.

३ ऑक्टोबर

सासऱ्यांना फोन नाही. रोज आठ वाजता फोन मांडीवर घेऊन बसतात. आंघोळीला जाताना तो साबणाच्या मोठ्या डबीत घालून आत नेतात, डबीला झाकण लावत नाहीत, ऐकू यावा म्हणून. रोज दहाला खिडकीवर फोन करून विचारतात. रोज उत्तर येतं, "आजोबा, तुमचा नंबर पहिलाच आहे. थांबा, फोन येईल." पहिला नंबर म्हटल्यावर माणूस भांडणार तरी कशावरून? ते "बरं" म्हणून ठेवतात.

आज जेवताना ही म्हणाली, "अहो, तुम्हीच ती यादी छापता ना? बाबांचं नाव कुठे अडकलंय बघा की."

मी घास खाली ठेवला. म्हटलं, यादी माझ्या हातात आहे म्हणूनच मी ती बघणार नाही. आज सासऱ्याचं नाव बघितलं, उद्या साडूचं बघेन, परवा सोसायटीचा वॉचमन येईल. माझ्याकडे वशिला चालत नाही. एका ओळीलाही मी हात लावणार नाही.

"हात लावू नका, नुसतं बघा म्हणतेय," ही म्हणाली.

मी तत्त्वाची गोष्ट सोडली नाही. सासरे ऐकत होते. मान खाली घालून जेवत राहिले. मग म्हणाले, "जावईबापूंचं बरोबर आहे. मुलीच्या घरी राहून वर तिच्या नवऱ्याला अडचणीत टाकणं मला नाही जमायचं."

हिने ताट उचललं आणि आत गेली. भांडी जरा जोरात वाजत होती.

१२ ऑक्टोबर

हॉलमधलं घड्याळ उलटं चालायला लागलंय. सासरे म्हणतात, चाल एकदम अचूक आहे. ते खरंच आहे.

२५ ऑक्टोबर

हॉस्पिटलातून पत्र. ऑपरेशनची खोली दुरुस्तीसाठी एक डिसेंबरपासून तीन महिने बंद. एक नोव्हेंबरपासून नवी नोंदणी बंद. तोवरचे सगळे संपवायचे म्हणून आणखी दोन टेबलं लावणार, रोजची नावं चोवीस. मालकांनी प्रोग्रॅम बदलायला सांगितला. मी पंचवीस केले. आता अनुभव आहे.

८ नोव्हेंबर

आमच्या घरी आता एकही घड्याळ खरी वेळ सांगत नाही. मी आज चिडलो. म्हटलं, "बाबा, माझी नोकरी अजून कच्ची आहे. मला वेळेवर पोचावं लागतं."

त्यांनी टेबलावरचे चिमटे, बारीक पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं एकेक चाचपून लाकडी पेटीत भरलं. प्रत्येक वस्तूला आपापली जागा आहे, ती बोटाने शोधून. दहा मिनिटं लागली. मग पेटी पलंगाखाली सरकवली. खोलीतला पसारा एकदाचा आवरला, तरी मला फारसं बरं वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर

सासरे आता आठ वाजता फोन घेऊन बसत नाहीत. खिडकीवर फोनही करत नाहीत. हिने विचारलं तर म्हणाले, "किती दिवस त्या पोरीला त्रास द्यायचा? आमच्यासारख्यांना बोलवायचं नसेल त्यांना. वय झालं. तरण्या माणसांचे डोळे आधी करत असतील, ते बरोबरच आहे."

आणि आणखी एक. किल्लीवाल्याला दुकान हवंय, त्याची टपरी फार लहान आहे. सासऱ्यांनी त्याला कळवलं, एक डिसेंबरला ये, दुकान तुझं. पेटीही त्यालाच देणार. "डोळ्याविना भिंग काय कामाचं," म्हणाले.

ही बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची तत्त्वं वाळत घाला इथे दोरीवर."

मी दुखावलो. पण मलाही त्या हॉस्पिटलाचा राग आलाय. कसला गलथान कारभार आहे तिथे. एक माणूस दोन महिने पहिल्या नंबरवर बसतो आणि कोणाला लाज नाही.

२८ नोव्हेंबर

परीक्षेचे चार-पाच दिवस उरलेत. तक्रारी : शून्य. मालकांनी आज माझ्यासाठी दुसरी खुर्ची मागवली. पाठ असलेली.

२९ नोव्हेंबर, बुधवार

सगळं नीट क्रमाने लिहितो.

सव्वानऊला यादीवाल्या बाईंचा फोन. "साहेब, आजचा कागद कोरा आला."

मी म्हटलं, सगळे संपले असतील. नोंदणी बंद आहे. अभिनंदन.

"पण कोणी नसलं तर 'आज यादीत कोणी नाही, धन्यवाद' असं छापून येईल म्हणाला होतात. तेही नाही आलं. आणि खाली लिहिलंय, एकूण थांबलेले : एक."

माझ्या तोंडात तयारच होतं. म्हटलं, बाई, तुम्हाला आठवतं ना, कम्प्युटर शून्यापासून मोजतो. एक म्हणजे शून्यच समजा.

त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, तेव्हा तुम्ही अकरा म्हणजे बारा म्हणाला होतात. मग त्या हिशेबाने एक म्हणजे दोन व्हायला पाहिजेत. शून्य कसे होतील?"

मी प्रोग्रॅम उघडला. यादीत एकच माणूस आहे. बोट कोऱ्या जागेवर. मी कडी वाजवतो, "पुढे". बोट त्या माणसाच्या ओळीवर येतं आणि म्हणतं, "हो, आहे." मी म्हणतो, वा. मग छापायला सुरुवात करतो, आणि सुरुवात करताना परत म्हणतो, "पुढे". बोट त्या माणसावरून खाली सरकतं. खाली कोणी नाही. संपलं.

आहे का म्हणून ज्याला विचारलं, त्यालाच मी ओलांडून गेलो. आज नाही, रोज. बारा असोत, चोवीस असोत, पहिला माणूस मी रोज ओलांडला. आणि यादी जास्त दिवस थांबलेल्यापासून सुरू होते, म्हणजे आज जो पहिला राहिला तो उद्याही पहिलाच. बाकी सगळ्या शहराला माझ्या प्रोग्रॅमने वेळेवर फोन करवले. फक्त एका माणसाला नाही.

"साहेब, आहात का?" बाई म्हणाल्या. "मी शोधून बघू का तो कोण आहे ते?"

मी नको म्हणालो बहुतेक. त्यांनी शोधलं होतं. नाव वाचलं. मग वय वाचलं, चौऱ्याहत्तर. मग धंदा वाचला, घड्याळ दुरुस्ती. फोन नंबर वाचायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, बाई, लगेच लावा, उद्याचा शेवटचा दिवस आहे. त्या म्हणाल्या, "लावतेच. पण बिचारे अकरा सप्टेंबरपासून पहिले आहेत हो."

मी उठून मालकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. शून्याचं सांगितलं, तेराचंही. मालकांनी पेन खाली ठेवलं.

"किती लोकांना त्रास झाला?"

"एका."

"त्याची तक्रार आलीय?"

"नाही. ते माझे सासरे आहेत."

मालकांनी पेन परत उचललं. "मग ही तुमची घरची बाब आहे," म्हणाले. मग म्हणाले, "हे कडी वाजवणं आणखी कुठे केलंय?"

"सगळीकडे," मी म्हटलं.

परीक्षा तीन महिन्यांनी वाढली. पाठ असलेली खुर्ची मात्र दुपारी आली, आणि तिच्यावर बसायला मला संकोच वाटला.

संध्याकाळी घरी गेलो तर सासरे नवा सदरा घालून बसले होते. ऑपरेशन उद्या, सदरा आजच. "आला बघा फोन," म्हणाले. "त्या बाईंनी माझी माफी मागितली. त्यांची काय चूक?"

हिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला तिथेच सगळं कळलं. एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगायचं आहे. मी नाही सांगणार."

३० नोव्हेंबर

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. अकरा आठवडे थांबायला लावलं आणि वीस मिनिटं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. यादीवाल्या बाई येऊन चहा देऊन गेल्या. फोनवरच्या आवाजावरून त्यांना मी पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा असलेला, कोणीतरी विद्वान वाटलो होतो, असं त्या म्हणाल्या.

२ डिसेंबर

काल पट्टी काढली. आज सकाळी सासरे हॉलमधल्या उलट्या घड्याळासमोर उभे होते. "हे मी केलं?" म्हणाले, आणि लाजले.

मी तिथेच सांगून टाकलं. बोट, कडी, ओलांडून जाणं, सगळं. म्हटलं, हॉस्पिटलाची चूक नव्हती, वयाचा प्रश्न नव्हता, कोणी तुम्हाला मागे टाकलं नव्हतं. मी टाकलं. हिने बघा म्हटलं तर बघितलंही नाही, वर तत्त्वं सांगितली. मला खूप लाज वाटली, आणि ती वाटली हे मी त्यांना सांगितलं.

ते खुर्चीवर बसले. नव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. असं माझ्याकडे कोणी फार दिवसांत बघितलेलं नाही.

"हे कुणाकुणाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"मालकांना. हिला माहीत आहे."

"किल्लीवाल्याला?"

"त्याला कशाला सांगेन?"

"बरं झालं. त्याला मी वेगळं सांगितलंय. ऑक्टोबरात. रोज विचारायचा, काका, जावई त्याच यादीवर बसलाय आणि तुमचा नंबर लागत नाही? मला फार लागायचं ते. मग एकदा सांगितलं. म्हटलं, जावई सरळ माणूस आहे. सासरा म्हणून एक नंबर इकडचा तिकडे करणार नाही. उलट मला मुद्दाम थांबवलंय, आपल्या माणसाला आधी घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"तो हे सगळ्या बाजारात सांगत सुटला. आणि परवा दुकान घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने चावी परत पाठवली. म्हणाला, अशा घरातल्या माणसाचं दुकान मी नाही घेणार, डोळा झाला की तुम्हीच उघडा." सासऱ्यांनी डोळा पुसला. औषधाचं पाणी असेल. "तेव्हा जावईबापू, तुमचं ते बोट आपल्या घरातच राहू द्या."

५ डिसेंबर

कड्या काढतोय. एकूण सदतीस जागी निघाल्या. एका वाचनालयात एका सभासदाला तीन महिने 'पुस्तक परत करा' असं पत्र गेलेलं नव्हतं. त्याने जाड कादंबरी दोनदा वाचून काढली म्हणे. माझ्यामुळे कोणाचं तरी भलं झालं.

हॉस्पिटलच्या प्रोग्रॅममध्ये आधीच्या माणसाच्या नऊ ओळी जशाच्या तशा परत घातल्या. पंचवीसचे चोवीस केले. त्याच्या ओळी हळू वाचल्या तर रुक्ष नाहीत.

२१ डिसेंबर

सासऱ्यांना घेऊन दुकानात गेलो. गेल्या शनिवारपासून त्यांनी रोज दोन तास काम सुरू केलंय. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक दिवा आणि दीड माणूस मावेल एवढी जागा. मी अर्ध्या जागेत उभा राहिलो.

शेजारचा किल्लीवाला यंत्र बंद करून, हात पुसून आला. माझ्या वयाचाच असेल. मला वाकून नमस्कार करायला लागला, मी मागे सरलो तर कपाटाला धडकलो. त्याने टपरीतलं स्टूल आणून मला बसायला दिलं. रस्त्यावरच्या दोघा-तिघांना हाका मारून सांगितलं, हेच ते. फळवाला आला, चपलांच्या दुकानातले आले.

"स्वतःच्या सासऱ्याला अडीच महिने थांबवलं," किल्लीवाला त्यांना सांगत होता, "घरात म्हातारा डोळ्याने आंधळा होत चाललाय, पण यादीला हात लावला नाही. आपण असतो तर?"

"आपण पहिल्याच दिवशी लावला असता," फळवाला म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, एका बायकी घड्याळाचं झाकण उघडलं आणि मान वर न करता म्हणाले, "बोलत नाहीत ते फारसं. बसा हो जावईबापू."

मी स्टुलावर बसलो. तासभर बसून होतो.